कमरेला किलोभर

काउंटरवर रबरी चटई अंथरलेली होती. दुकानदारानं काचेखालून पिस्तूल काढलं, मॅगझिन उतरवलं, स्लाइड मागे ओढून अडकवली, चेंबरमध्ये करंगळीचं टोक घालून ते रिकामं असल्याची खात्री केली आणि मग नळी भिंतीकडे करून चटईवर ठेवलं. ताईनं ते उचलण्याआधी हे सगळं पुन्हा एकदा स्वतः केलं. दुकानदारानं नुकतंच दाखवलं होतं, तरीही. तो समाधानानं मान हलवून म्हणाला, असं न करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी लगेच टोकतो.

पिस्तूल होतं विल्सन कॉम्बॅट कंपनीचं ‘ईडीसी एक्स-९’. रोज अंगावर बाळगण्यासाठीच बनवलेलं. फ्रेम अखंड ॲल्युमिनियमची, स्लाइड आणि चार इंची नळी पोलादाची, मॅगझिनमध्ये १५ काडतुसं, किंमत तीन हजार डॉलरच्या घरात. शेजारच्याच कपाटात सहाशे डॉलरच्या आतबाहेरची काळी प्लॅस्टिकची पिस्तुलं ओळीनं मांडलेली होती आणि पोलिसांपासून घरमालकांपर्यंत बहुतेक लोक तीच घेतात, हे दुकानदारानं आपणहून सांगितलं. मग पाचपट पैसे कशाचे?

संपादकांनी यंदा ‘अंगावर वागवायच्या वस्तू’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दागिने आणि गंडेदोरे आले होते. पण त्याच सुमाराला आर्कान्सॉत राहणाऱ्या मावसबहिणीचा, ताईचा, फोन आला. ती रुग्णालयाच्या औषध विभागात आहे. पाळी रात्री अकराला सुटते आणि गाडीपर्यंत लांबलचक पार्किंग एकटीनं ओलांडावं लागतं. तिथं एका सहकारी बाईला कुणीतरी अडवलं होतं. भावोजींच्या मनात पिस्तूल आलं, आणि आलं तेही साधंसुधं नाही. ‘तू येतेच आहेस तर बघ आमच्याबरोबर,’ ताई म्हणाली.

बघण्यापलीकडे मला काही करता येणार नव्हतं. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं असे मोजके अपवाद आहेत. हाच नियम एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्यांनाही लागू आहे. ताई राहते त्या बेंटनव्हिलमध्ये वॉलमार्टचं मुख्यालय असल्यानं त्या परिसरात मराठी घरं बरीच आहेत, आणि त्यांतली कितीतरी वर्षानुवर्षं ग्रीनकार्डाच्या रांगेत. गणपतीच्या आरतीनंतरच्या गप्पांत बंदुकीचा विषय निघाला की निम्मी माणसं कायद्यानंच त्यातून बाहेर असतात. ताई-भावोजी आता नागरिक आहेत, म्हणून त्यांच्यापुढे हा प्रश्न तरी उभा राहिला.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे सगळं विचित्र वाटतं, ते उगाच नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळवायचा तर पोलीस आयुक्तालयाचे नाही तर जिल्हाधिकारी कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात, आणि मिळालाच तरी ९ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य माणसाला घेता येत नाही. तो बोअर निषिद्ध यादीत आहे. म्हणून आपले परवानाधारक .३२ वर थांबतात. इथं तेच ९ मिलिमीटर सगळ्यांत साधं, सगळ्यांत खपणारं.

घड्याळजीचं टेबल

एक्स-९ जिथं बनतं ते बेरीव्हिल बेंटनव्हिलच्या पूर्वेला, ओझार्क डोंगरांत, तासाभराहून थोडं लांब आहे. रस्ता युरेका स्प्रिंग्जवरून वळणं घेत जातो. गाव लहान. तिथल्या सॉन्डर्स संग्रहालयात दरोडेखोर जेसी जेम्स आणि मेक्सिकन क्रांतिकारक पांचो व्हिला यांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बंदुकाही आहेत.

याच गावात बिल विल्सन नावाचा तरुण घरच्या जवाहिऱ्याच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला नेमबाजीच्या स्पर्धांचा नाद लागला आणि १९७७ मध्ये दुकानाच्या मागच्या खोलीत त्यानं पिस्तुलं दुरुस्त करायला घेतली. त्या काळात स्पर्धांमध्ये बहुतेकांच्या हातात एकच पिस्तूल असायचं, जॉन ब्राउनिंगचं, अमेरिकी लष्करानं १९११ मध्ये स्वीकारलेलं आणि त्या सालाच्याच नावानं ओळखलं जाणारं. कारखान्यातून आलेल्या १९११ चे भाग सैलसर असत, चिखलातही चालावं म्हणून. घड्याळजीला तो सैलपणा खुपणारच. कानस घेऊन एकेक भाग दुसऱ्याशी जुळवायचा, स्लाइड फ्रेमवरून बिनखडखड सरकायला हवी, चाप एकाच ठिकाणी स्वच्छ सुटायला हवा. हातानं जुळवलेल्या पिस्तुलांना गिऱ्हाईक मिळत गेलं आणि त्यातून कारखाना उभा राहिला.

एक्स-९ त्या १९११ चाच नातू म्हणावा असा आहे. मागे ओढून ठेवलेला उघडा घोडा, अंगठ्याखालची सेफ्टी, सरळ मागे सरकणारा चाप, हे सगळं आजोबांकडून आलेलं. पण मूठ दुहेरी रांगेच्या मॅगझिनसाठी घडवलेली, तरीही सडपातळ, आणि आजोबांच्या मुठीवर पाठीमागे असलेली दाबाची दुसरी सेफ्टी काढून टाकलेली. ताईचे हात लहान आहेत. शेजारच्या कपाटातल्या काही पिस्तुलांचा चाप तिला बोटाच्या टोकानं कसाबसा गाठता येत होता. इथं बोट आपोआप जागेवर आलं. स्लाइड ओढतानाही फरक पडला. घोडा आधीच मागे असला की स्लाइडला फक्त स्प्रिंगशी झुंजावं लागतं, त्यामुळे ज्यांच्या मनगटात फार जोर नाही त्यांना असली पिस्तुलं सोपी जातात. ‘बायकांसाठी छोटं पिस्तूल’ असा सल्ला दुकानादुकानांतून दिला जातो. तो मला मुळातच चुकीचा वाटतो. पिस्तूल जितकं छोटं तितका त्याचा धक्का हाताला जास्त आणि स्प्रिंग ताठर. सराईताला जे अवघड ते नवशिक्या बाईला सोपं कसं होईल?

धातू की प्लॅस्टिक

ऑस्ट्रियातल्या गॅस्टन ग्लॉकनं पहिलं पिस्तूल काढलं, त्याआधी त्याला पिस्तुलांचा अनुभव नव्हता. ऑस्ट्रियन लष्करानं ते १९८२ मध्ये निवडलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकी पोलीस खाती एकामागून एक तिकडे वळली. प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिमरची फ्रेम साच्यातून निघते, गंजत नाही, हलकी असते, स्वस्त पडते. १९८८ मध्ये आलेलं त्याचं मध्यम आकाराचं ग्लॉक-१९ आज ‘रोज बाळगायचं पिस्तूल’ म्हटलं की मोजपट्टी म्हणूनच धरलं जातं.

मग धातू टिकला कशासाठी? भावोजींनी याचं उत्तर वहीत गणित मांडून दिलं. भौतिकशास्त्राचे जुने विद्यार्थी ते. गोळी सुमारे आठ ग्रॅमची, नळीतून सुटते सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास. तिला जेवढा रेटा पुढे, तेवढाच पिस्तुलाला मागे. तो रेटा किलोभर धातूनं झेलला तर पिस्तूल सावकाश मागे येतं, पाऊण किलोनं झेलला तर वेगानं. हाताला जाणवतो तो वेग. काडतुसं भरलेलं ग्लॉक-१९ साधारण ८५५ ग्रॅम भरतं, भरलेलं एक्स-९ किलोच्या आसपास. दीडशे ग्रॅमचा तर फरक. पण तो फरक गोळी सुटताना हातात असतो आणि उरलेला दिवसभर कमरेला.

धातू हलका करण्याची खटपट नवी नाही. कोल्ट कंपनीनं १९४९-५० च्या सुमारास ‘कमांडर’ काढलं तेव्हाच १९११ ची फ्रेम ॲल्युमिनियमची केली होती. अडचण अशी की पोलादी स्लाइड ॲल्युमिनियमच्या खाचांतून हजारो वेळा घासत जाते आणि मऊ धातू झिजतो. म्हणून मिश्रधातू चांगला लागतो, वर कठीण मुलामा लागतो, आणि दोन्हींतलं अंतर नेमकं राखावं लागतं. पाचपट किमतीतला बराच भाग इथं जातो. आर्कान्सॉच्या दमट उन्हाळ्यात घामानं भिजलेल्या कमरेवर पोलाद दिवसभर राहणार असेल, तर त्या मुलाम्याची किंमत आणखीच कळते.

उरलेला भाग चापात आहे. एक्स-९ चा चाप दीड-दोन किलोच्या दाबाला सुटतो, ग्लॉकचा अडीच किलोच्या आसपास. आकड्यांपेक्षा चालीतला फरक मोठा. ग्लॉकचा चाप लांब सरकतो, मध्ये घट्ट होतो, मग सुटतो. एक्स-९ चा जेमतेम हलतो आणि सुटतो. नेमबाजाला यासारखं सुख नाही. पण हेच पिस्तूल बाळगायचं ते घोडा मागे ओढून, चेंबरमध्ये काडतूस ठेवून, सेफ्टी लावून. बाहेर काढताना अंगठ्यानं सेफ्टी खाली, परत ठेवताना वर. दर वेळी, न चुकता. घाबरलेल्या माणसाच्या अंगठ्याला हे आठवेल का, याचं उत्तर पिस्तुलात नसतं. ते सरावात असतं.

कुर्ता, पट्टा, खुर्ची

घरी आल्यावर ताईनं होल्स्टर चढवून पाहिलं, आत पिस्तुलाऐवजी तेवढ्याच आकाराचं आणि वजनाचं निळं सरावाचं रबरी पिस्तूल. दुकानदारानं चार दिवसांसाठी उसनं दिलं होतं. या चार दिवसांत जे कळलं ते दुकानात तासन् तास उभं राहूनही कळलं नसतं.

पहिली गोष्ट कळली ती पट्ट्याची. साध्या पट्ट्यावर साखरेचा किलोचा पुडा लटकवला तर जे होईल तेच झालं. पँट एका बाजूनं खाली, पुडा बाहेर कलंडलेला. मग आत ताठ पट्टी शिवलेला खास पट्टा आला. दुसरी गोष्ट अशी की लपवायला नळी अवघड नसते. ती पँटच्या आत जाते. उघडी पडते ती मूठ. वाकलं की कपड्याखालून तिचं टोक वर येतं. होल्स्टरला एक छोटा प्लॅस्टिकचा पंख असतो, पट्ट्याला आतून रेटून मुठीला पोटाकडे वळवणारा. तो लावल्यावर ताईच्या सैल कुर्त्याखाली काही दिसेना. सदरा आत खोचणाऱ्या भावोजींपेक्षा कुर्ता घालणाऱ्या ताईला हे सोपं गेलं, याचं दोघांनाही नवल वाटलं.

पण कुर्ता आधी हातानं उचलावा लागतो, मग पिस्तूल हाती येतं. ओढणी असेल तर ती मध्ये येते. पोटाच्या पुढे ठेवलं तर गाडीत बसल्यावर टोचतं, बाजूला ठेवलं तर सीटबेल्टच्या कुलपाशी अडतं. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभं राहायची ताईची सवय, तिथं मूठ बरगडीत रुतायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं ते काढून ठेवलं आणि म्हणाली, ‘वजनाचं काही नाही गं. पण ते सतत आठवण करून देतं.’

पर्समध्ये का नको, असं मी विचारलं. उत्तर नेमबाजीच्या क्लबातल्या प्रशिक्षकानं दिलं आणि फार शांतपणे दिलं. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावच्या वॉलमार्टमध्ये एक तरुण आई खरेदी करत होती. परवाना होता, पिस्तूल पर्सच्या खास कप्प्यात होतं. ढकलगाडीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलानं ते काढलं आणि आई जागीच गेली. पर्स आपण खाली ठेवतो, खांद्याला लावतो, दुसऱ्याच्या हाती देतो. कमरेला असलेलं पिस्तूल निदान शरीराला सोडून जात नाही, एवढाच त्याचा युक्तिवाद.

मैदानात

शनिवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या क्लबात गेलो. तिथं ‘आयडीपीए’च्या नियमांनी सामना होता. ही संघटना १९९६ मध्ये स्थापन झाली, संस्थापकांत बिल विल्सन होतेच. आधीच्या स्पर्धांमध्ये पिस्तुलं शर्यतीच्या गाड्यांसारखी खास झाली होती, खऱ्या आयुष्यात कुणी बाळगणार नाही अशी. म्हणून इथं नियम केला: रोजच्या वापराचं पिस्तूल, रोजचं होल्स्टर, आणि वर ते झाकणारं जाकीट. भर उन्हात पन्नाशीतले गृहस्थ, एक शाळामास्तरीण, दोन दुकानदार, सगळे जाकिटं घालून रांगेत उभे होते.

भोंगा वाजतो. जाकीट मागे फेकायचं, पिस्तूल काढायचं, लाकडी भिंतीच्या आडोशानं पुठ्ठ्याच्या माणसांवर नेम धरायचा. काही पुठ्ठ्यांवर उघडे हात रंगवलेले असतात, म्हणजे ते निरपराध. त्यांना लागलं तर दंड. गुण वेळेत मोजतात आणि नेम चुकला की सेकंद वाढत जातात. मी पाहिलं ते असं: घाईत असलेले जवळजवळ सगळे पहिली गोळी खाली मारत होते, आणि जे शांत होते त्यांच्या हातात काय आहे याला फारसा अर्थ उरत नव्हता. पहिल्या तिघांत एकाकडे घासून पांढरं पडलेलं जुनं ग्लॉक होतं.

सामना संपल्यावर ताईनं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दोन्ही पिस्तुलं चालवली. आधी कागदावर, सावकाश. एक्स-९ ची छिद्रं तळहाताखाली झाकतील इतकी जवळ आली, ग्लॉकची थोडी पसरली. नेम लावायला वेळ असेल तर धातूच्या पिस्तुलाला तोड नाही, हे मला लांबून पाहतानाही कळलं. नळी वर उसळायची ती ग्लॉकपेक्षा कमी आणि परत जागी यायची ती अलगद, जणू कुणी हळूच खाली ठेवली. मला त्या कारागिरीचा मनापासून आदर वाटला.

मग प्रशिक्षकानं ‘बिल ड्रिल’ लावलं. तेही विल्सन यांच्याच नावाचं: सात यार्डांवरून, होल्स्टरमधून काढून, सहा गोळ्या एकाच चौकटीत, शक्य तितक्या लवकर. तिला होल्स्टरमधून काढायची परवानगी नव्हती, ती टेबलावरून सुरुवात करत होती. भोंगा वाजला आणि तिनं एक्स-९ उचलून चाप ओढला. काहीच झालं नाही. सेफ्टी वर होती. दुसऱ्या खेपेलाही तसंच. तिसऱ्या खेपेला अंगठा आधी हलला आणि सहाच्या सहा गोळ्या चौकटीत बसल्या. ग्लॉकनं सहापैकी चार बसल्या, पण पहिल्याच भोंग्याला सुटल्या. प्रशिक्षक म्हणाला, ही चूक हजार सरावांत जाते, पण हजार करावे लागतात. काडतुसाला पाव डॉलरच्या आसपास मोजावे लागतात, म्हणजे हिशेब कुणीही करावा. नव्या, घट्ट जुळवलेल्या पिस्तुलाचे भाग एकमेकांना सरावण्यातच पहिली काहीशे काडतुसं जातात. ज्या गोळ्या प्रत्यक्ष बाळगायच्या त्या महाग, त्याही पुरेशा चालवून पाहाव्या लागतात.

काढणं आणि ठेवणं

खरा पेच सामन्याच्या मैदानात नव्हता. तो रुग्णालयाच्या दारावर होता.

आर्कान्सॉत लपवून पिस्तूल बाळगायला आता परवाना लागत नाही. २०१३ च्या कायद्यातल्या एका बदलावरून बरीच वर्षं वाद चालला, २०१८ मध्ये अपील न्यायालयानं बाळगणाऱ्यांच्या बाजूनं अर्थ लावला आणि २०२३ मध्ये विधिमंडळानं तो स्पष्टच केला. तरी लोक परवाना घेतात, कारण इतर राज्यांत तो चालतो. पण कुठं न्यायचं याची गुंतागुंत तशीच राहिली आहे. टपाल कार्यालयात नाही. प्रार्थनास्थळात न्यायचं की नाही ते २०१३ पासून त्या त्या प्रार्थनास्थळानं ठरवायचं. वॉलमार्टचं उदाहरण तर गावातलंच. ऑगस्ट २०१९ मध्ये टेक्ससातल्या एल पासो इथल्या त्यांच्या दुकानात बंदूकधाऱ्यानं तेवीस जणांचे जीव घेतले, त्यानंतर महिन्याभरात कंपनीनं पिस्तुलांची काडतुसं विकणं बंद करण्याचं जाहीर केलं आणि ग्राहकांना उघडी शस्त्रं घेऊन आत येऊ नका अशी विनंती केली.

आणि ताईच्या रुग्णालयात कर्मचाऱ्यांना पिस्तूल आणता येत नाही. फलक दारावरच आहे. पिस्तूल गाडीत कुलूपबंद ठेवायला हरकत नाही. म्हणजे काय झालं? रात्री अकराला जे पार्किंग ओलांडायचं त्याची भीती, आणि पिस्तूल त्या पार्किंगच्या पलीकडच्या टोकाला, गाडीत. शिवाय रोज कामावर जाताना ते कमरेवरून काढून पेटीत ठेवायचं, परतताना पेटीतून काढून कमरेला लावायचं, घरी पुन्हा तिजोरीत. भरलेलं पिस्तूल हाताळण्याचा प्रत्येक प्रसंग हा धोक्याचा प्रसंग, कपड्याचं टोक चापात अडकण्याचा, बोट चुकण्याचा. त्यात गाडीतून होणाऱ्या चोऱ्या. या देशात चोरीला जाणाऱ्या बंदुकांत गाड्यांमधून गेलेल्यांचा वाटा मोठा आहे.

घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे. याच राज्यात, जोन्सबरोजवळच्या वेस्टसाइड शाळेत, मार्च १९९८ मध्ये अकरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांनी चार मुली आणि एका शिक्षिकेला मारलं. बंदुका घरच्यांच्याच होत्या, बहुतेक आजोबांच्या घरातून नेलेल्या. ताईला हे पाठ आहे. तिला आणखी एक माहीत आहे, औषधं देणारी म्हणून. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या. गोळ्या-औषधं घेतलेली बहुतेक माणसं वाचतात, बंदूक वापरणाऱ्या दहांतली नऊ वाचत नाहीत. ‘रात्रपाळीत मी स्वतःला कसं बघितलंय ते तुम्हाला ठाऊक आहे,’ ती भावोजींना म्हणाली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मला वाटतं एक्स-९ बद्दलचं जे सांगायचं ते इथं येऊन संपतं. ते वाईट म्हणून नव्हे. पाहिलेल्यांत ते सगळ्यांत उत्तम होतं आणि ज्याला नेमबाजीची गोडी आहे, दर आठवड्याला मैदानावर जायची शिस्त आहे, दिवसभर ते अंगावरून काढायची वेळ येत नाही, त्याच्यासाठी तीन हजार डॉलर वाया नाहीत. ताईचा दिवस तसा नाही.

आठवडाभरानं ठरलं ते असं. भावोजींनी वापरलेलं ग्लॉक-१९ घेतलं आणि उरलेल्या पैशांतून छोटी तिजोरी, दोघांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग आणि काडतुसं. पिस्तूल तिजोरीतून निघतं ते फक्त मैदानासाठी. एक्स-९ चा विषय हजार गोळ्या झाल्यावर काढायचा, अशी ताईची अट आहे आणि भावोजी वहीत गोळ्या मोजत आहेत. ताईनं रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला सहकारी बाईच्या सहीसह पत्र दिलं, अकराच्या पाळीला सुरक्षारक्षकानं गाडीपर्यंत सोबत यावं आणि पार्किंगच्या मागच्या रांगेतले दिवे बदलावेत म्हणून. दिवे बदलले. रक्षकाची सोबत आठवड्यातून पाच रात्री मंजूर झाली. शनिवार-रविवारसाठी तिचं दुसरं पत्र गेलं आहे.